खेळातले पाणी आणि खरे पाणी

१९९८ साली आलेला ‘हाफ-लाइफ’ हा संगणकावरचा खेळ तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. त्यातले पाण्याचे नियम आम्हाला समजून घेण्यासारखे वाटतात. नायक गॉर्डन फ्रीमन याची पाण्यात इक्थिओसॉर नावाच्या अजस्र प्राण्याशी गाठ पडते. पाण्याखाली शॉटगन चालत नाही. पिंजऱ्यात मिळणारा क्रॉसबो चालतो. दम संपण्याआधी वर यावे; श्वास मिळाला की गेलेली ताकद हळूहळू परत येते. पाण्यात वीज उतरली असेल तर आधी खटका बंद करावा, मगच पाय टाकावा.

खेळात मेलेला नायक पुन्हा उठतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात तार तुटून पडली असेल, तर तिथे दुसरा डाव नसतो. खटका शोधायला जाऊ नका. दूर राहा, मोठ्यांना हाक मारा, एवढेच आमचे सांगणे.