एका बाजूने जाडी मोजणारे गेज

अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज हे मुठीत मावणारे यंत्र धातूची जाडी एकाच बाजूने मोजते. दोन्ही बाजूंना हात पोहोचत असेल तर व्हर्नियर पुरतो. बॉयलरची ट्यूब किंवा मळीची टाकी आली की तो थिटा पडतो. इस्लामपूरच्या आसपास, साखराळ्याच्या राजारामबापू पाटील आणि वाळव्याच्या हुतात्मा किसन अहिर सहकारी साखर कारखान्यांच्या पट्ट्यात, अशा कामाला जागा भरपूर आहे. बॉयलर थंड असतो तो मात्र गळीत हंगाम संपल्यावरच.

यंत्र मोजते ते वेळ. प्रोबमधून निघालेला ध्वनी धातूच्या मागच्या पृष्ठभागावरून परततो. लागलेल्या वेळेला त्या धातूतील ध्वनिवेगाने गुणून निम्मे केले की जाडी मिळते. पोलादात हा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर, पितळेत सुमारे ४,४००. गेज पोलादावर लावलेले राहिले तर ३ मिलिमीटरचे पितळ ४ मिलिमीटर दिसते, आणि पडद्यावर चुकीची खूण काहीच नसते. म्हणून आधी माहीत जाडीच्या, त्याच धातूच्या पायरी-ठोकळ्यावर गेज जुळवावे लागते.

प्रोब आणि धातू यांच्यात हवेचा पातळ थर राहिला तरी ध्वनी आत शिरत नाही. गंज-काजळी तारेच्या ब्रशने काढून ग्लिसरीन किंवा ग्रीसचा थेंब लावतात. प्रोबमध्ये बहुधा दोन स्फटिक असतात, एक पाठवणारा आणि एक ऐकणारा. बारीक ट्यूबवर त्यांच्यामधली रेघ एकदा आडवी, एकदा उभी धरून दोनदा मोजावे आणि लहान आकडा खरा धरावा.

कौशल्य लागते ते जागा निवडण्यात. बॉयलरमध्ये जळणाऱ्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, राखेत सिलिका असते. धुराबरोबर उडणारी ही राख बाक आणि धुराच्या थेट माऱ्यातल्या ट्यूब खरवडते. तिथे खूण करून दरवर्षी त्याच ठिकाणी मोजले तरच झीज कळते; एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. साधे गेज रंगाचा थरही जाडीत धरते. फार पातळ पत्र्यावर तर ते पहिला प्रतिध्वनी चुकवून दुसरा पकडते आणि जाडी दुप्पट सांगते: झिजलेली ट्यूब धडधाकट ठरते. शंका आली की शेजारी आणखी काही ठिकाणी मोजून पाहतात. तापलेल्या पोलादात वेग उतरतो, दर ५५ अंश सेल्सिअसला साधारण १ टक्का, आणि जाडी वाढलेली दिसते. नोंदवहीतला आकडा किमान जाडीखाली गेला की ट्यूब कापून नवी बसवतात.