वैमानिकाची तब्येत कोण तपासते?

२४ मार्च २०१५ रोजी सकाळी स्पेनमधल्या बार्सिलोनाहून जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला निघालेले जर्मनविंग्ज कंपनीचे एअरबस विमान फ्रान्समधल्या आल्प्स पर्वतावर कोसळले. विमानात १४४ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. दीडशेपैकी एकही जण वाचला नाही. त्यांत जर्मनीतल्या हाल्टर्न गावच्या एका शाळेचे १६ विद्यार्थी आणि २ शिक्षक होते. स्पेनमधल्या शाळेला भेट देऊन ते घरी परतत होते.

विमानात काही बिघाड नव्हता, हवामानही चांगले होते. फ्रान्सच्या अपघात तपास संस्थेने मार्च २०१६ मध्ये अंतिम अहवाल दिला. मुख्य वैमानिक थोड्या वेळासाठी कॉकपिटच्या बाहेर गेला असताना आत एकट्या राहिलेल्या सहवैमानिकाने दार बंद ठेवले आणि विमान मुद्दाम खाली नेले, असे त्या अहवालात स्पष्ट लिहिले आहे. २००१ साली अमेरिकेत झालेल्या हल्ल्यानंतर विमान पळवणाऱ्यांना आत शिरता येऊ नये म्हणून जगभर ही दारे मजबूत करण्यात आली होती. त्या दिवशी त्याच दाराने मुख्य वैमानिकाला बाहेर अडवून धरले.

सहवैमानिक २७ वर्षांचा होता. तो आजारी होता, आणि हे काही डॉक्टरांना माहीत होते. कंपनीला मात्र माहीत नव्हते. उड्डाणास योग्य असल्याचे वैध प्रमाणपत्र त्याच्याजवळ होते.

आपल्या वस्त्यांतली काही मुले-मुली आज विमानतळावर लोडर, सफाई कामगार, सुरक्षा रक्षक, केबिन क्रू म्हणून कामाला आहेत. कुणी कामासाठी, शिक्षणासाठी विमानाने जातातही. पण आरोग्याच्या पानावर आम्ही हा विषय घेतला त्याचे मुख्य कारण वेगळे आहे. माणूस आजार का लपवतो आणि त्याने तो लपवू नये म्हणून काय करावे लागते, हे या घटनेतून फार स्पष्ट कळते.

तपासणी कशी होते

विमान वाहतुकीचे किमान नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना ठरवते. त्यांच्या आधारे प्रत्येक देश आपले नियम करतो. भारतात हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे आहे. प्रवासी विमान चालवणाऱ्या वैमानिकाला 'वर्ग १' चे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते साधारण बारा महिने चालते, वयाची साठी ओलांडल्यावर दर सहा महिन्यांनी तपासणी करावी लागते. कोणत्याही डॉक्टरचे सर्टिफिकेट त्यासाठी चालत नाही. सरकारने नेमलेले, विमान वैद्यकशास्त्राचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टरच ही तपासणी करतात. नजर, रंग ओळखणे, कान, रक्तदाब, ईसीजी, रक्त, लघवी, सगळे पाहिले जाते. हे प्रमाणपत्र नसेल तर हातात लायसन असूनही विमान चालवता येत नाही.

दारूबाबत आपल्याकडचा नियम कडक आहे. उड्डाणाआधी बारा तास दारू घेता येत नाही, आणि कामावर आल्यावर श्वासाची चाचणी होते. पहिल्यांदा दोषी आढळला तर तीन महिने लायसन निलंबित, दुसऱ्यांदा आढळला तर तीन वर्षे.

शिवाय विमानात दोन वैमानिक असतात. हवेत असताना एकाची तब्येत बिघडली तर दुसरा विमान उतरवतो. वैमानिक अचानक काम करू शकेनासा होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे पोट बिघडणे. म्हणून अनेक कंपन्या दोघांना वेगवेगळे जेवण देतात. छातीत दुखले, चक्कर आली, उलट्या झाल्या, तर व्यवस्थेकडे उपाय तयार असतो.

मनाचे मात्र तसे नाही. मनाचा ईसीजी निघत नाही. डॉक्टर प्रश्न विचारतात, वागणे-बोलणे पाहतात, पण मुख्य आधार असतो तो वैमानिकाने स्वतः भरून सही केलेल्या फॉर्मचा. पूर्वी काही आजार होता का? गोळ्या चालू आहेत का? झोप लागते का? एका तपासणीपासून दुसरीपर्यंत वर्ष जाते. मधल्या काळात तब्येत बिघडली तर वैमानिकाने स्वतःहून थांबायचे आणि डॉक्टरला सांगायचे, असा नियम आहे. म्हणजे एवढी मोठी व्यवस्था शेवटी एका माणसाच्या खरे बोलण्यावर उभी असते.

तो खरे का बोलला नाही

हा तरुण २००८ मध्ये वैमानिकाचे प्रशिक्षण घेऊ लागला. काही आठवड्यांतच त्याला नैराश्याचा आजार झाला आणि प्रशिक्षण थांबले. उपचार घेऊन तो बरा झाला आणि २००९ मध्ये परत आला. त्याला प्रमाणपत्र मिळाले, पण अटीसह. आजार उलटला तर प्रमाणपत्र बाद होणार होते. पुढे दर वर्षी तो तपासणीत पास होत गेला. शेवटची तपासणी जुलै २०१४ मध्ये झाली.

डिसेंबर २०१४ पासून त्रास पुन्हा सुरू झाला. झोप येईना. दिसायला त्रास होतो अशी तक्रार तो करू लागला, पण डोळ्यांत दोष सापडेना. तो एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जात राहिला. अपघाताच्या आधीच्या पाच वर्षांत त्याने ४१ डॉक्टर गाठले होते, असे फ्रान्समधल्या मार्सेच्या सरकारी वकिलांनी सांगितले. १० मार्च २०१५ रोजी, म्हणजे अपघाताच्या दोन आठवडे आधी, एका डॉक्टरने सायकोसिसची शक्यता नोंदवली. सायकोसिस म्हणजे वास्तवाचे भान सुटणे. त्या डॉक्टरने मानसोपचार रुग्णालयात उपचार घ्यायला सांगितले. नैराश्याच्या आणि झोपेच्या गोळ्याही सुरू होत्या. कामावर जाऊ नये अशी सर्टिफिकेटे डॉक्टरांनी दिली होती. त्यातली काही कंपनीपर्यंत गेलीच नाहीत. फाडलेली सर्टिफिकेटे पोलिसांना त्याच्या घरी सापडली. त्यात अपघाताच्या दिवसाची रजाही होती.

स्वतःहून सांगण्याची पद्धत इथे का फसली, याची तीन कारणे अहवालात दिली आहेत. पहिले, आजार कळला तर कायमचे उडणे बंद होईल ही भीती. दुसरे, पैसा. प्रशिक्षणासाठी त्याला सुमारे ६०,००० युरो भरायचे होते, त्यासाठी त्याने सुमारे ४१,००० युरोचे कर्ज काढले होते. नोकरी गेली तर उत्पन्न भरून देणारा पुरेसा विमा त्याच्याकडे नव्हता. प्रमाणपत्रावरच्या अटीमुळे असा विमा मिळायला अडचण येत असल्याचे त्याने पूर्वी लिहिलेही होते. तिसरे, डॉक्टरने गुपित कधी मोडावे याबद्दल जर्मनीत स्पष्ट मार्गदर्शन नव्हते.

दीडशे जीव गेले, त्याला यातले कोणतेही कारण माफी देऊ शकत नाही. पण पुढचा अपघात टाळायचा असेल तर त्या माणसाला दोष देऊन थांबता येणार नाही.

डॉक्टरांनी सांगायला नको होते का?

जर्मनीत रुग्णाची माहिती बाहेर सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. तातडीच्या धोक्यात सूट आहे, पण धोका केव्हा समजायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे. ज्या डॉक्टरांनी त्याला तपासले त्यांच्यापैकी कुणीही विमान वाहतुकीच्या अधिकाऱ्यांना कळवले नाही.

आम्ही नर्सिंगमधल्या आहोत. गुप्ततेची किंमत आम्हाला ठाऊक आहे. टीबीची बाई कानात येऊन विचारते, "सिस्टर, जिथं भांडी घासते तिथं कळणार नाही ना?" तिला भरवसा दिला नाही तर ती दुसऱ्या दिवसापासून गोळ्यांना यायची बंद होते. म्हणून 'सगळ्यांचे सगळे आजार मालकाला कळवा' हा उपाय आम्हाला मान्य नाही. त्याने आजार कमी होत नाहीत, फक्त दवाखान्यापर्यंत येणारे कमी होतात.

तरी एक रेषा असली पाहिजे. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्या व्यक्तीला इजा होण्यापासून वाचवायचे असेल किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असेल, तर गरजेपुरती माहिती देता येते, असेही त्याच कायद्यात आहे. डॉक्टरांना आणि नर्सना ही रेषा नीट शिकवली गेली पाहिजे, म्हणजे ऐनवेळी ते घाबरून गप्प बसणार नाहीत आणि उठसूट कुणाची माहितीही वाटणार नाहीत.

नंतर काय बदलले

अपघातानंतर तीन दिवसांत युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने कॉकपिटमध्ये कायम दोन माणसे ठेवावीत अशी शिफारस केली. पुढे ती सैल करण्यात आली. टिकलेले बदल वेगळेच आहेत. २०१८ मध्ये युरोपने नवे नियम केले आणि फेब्रुवारी २०२१ पासून ते लागू झाले. प्रवासी विमान हातात देण्याआधी वैमानिकाची मानसशास्त्रीय चाचणी करायची, अचानक दारूची तपासणी करायची, आणि प्रत्येक कंपनीने वैमानिकांसाठी आधार योजना चालवायची. या योजनेत त्रासातला वैमानिक आधी साहेबाकडे जात नाही. तो प्रशिक्षण घेतलेल्या दुसऱ्या वैमानिकाशी बोलतो. गरज पडली तर तोच त्याला डॉक्टरपर्यंत नेतो, आणि बरा झाल्यावर कामावर परतण्याची वाट काढतो.

अमेरिकेत २०१० पर्यंत नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्याला विमान चालवता येत नसे. त्यामुळे कुणी गोळ्या लपवायचे, कुणी घ्यायचेच नाहीत. २०१० मध्ये चार औषधांना अटींसह परवानगी मिळाली. औषधावर तब्येत स्थिर राहिली आणि डॉक्टरांची देखरेख असली तर वैमानिक परत येऊ शकतो. भारतात डीजीसीएने २०२३ मध्ये वैद्यकीय तपासणीत मानसिक आरोग्य पाहण्याबद्दल आणि सहकाऱ्यांच्या आधार योजनेबद्दल सूचना काढल्या.

थकव्याचाही यात विचार करावा लागतो. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान मंगळुरूच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले, १५८ माणसे गेली. मुख्य वैमानिक प्रवासाचा बराच वेळ झोपला होता, घोरण्याचा आवाजही रेकॉर्डरमध्ये मिळाला. जागा झाल्यावरही त्याचे डोके पुरते ताळ्यावर नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास केली. कंपन्यांनी मुदत वाढवून मागितली, वैमानिकांच्या संघटना कोर्टात गेल्या, तेव्हा कुठे १ जुलै २०२५ पासून ती लागू झाली. विश्रांतीसुद्धा भांडून मिळवावी लागते, मग माणूस वैमानिक का असेना.

आपल्या घरात

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नैराश्य असलेला माणूस म्हणजे धोकादायक माणूस, असे अजिबात नाही. हा आजार पुष्कळांना होतो, उपचाराने बरा होतो, आणि यातली बहुतेक माणसे दुसऱ्याला काही करत नाहीत. त्रास होतो तो त्यांना स्वतःला. जर्मनविंग्जची घटना फार दुर्मीळ आहे. ती सांगून घरातल्या आजारी माणसाला घाबरवू नका, टोचून बोलू नका.

वैमानिकाचा पगार मोठा आणि आपल्या ड्रायव्हरचा लहान, पण भीती एकच आहे. टेम्पो, रिक्षा, टँकर, स्कूल बस चालवणाऱ्याला नमुना १-अ चे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. फिट येतात, साखर वाढली आहे, रात्री झोप नाही, हे तो तिथे सांगत नाही, कारण सांगितले तर चूल थंड पडेल. म्हणून पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, जेवण नको, कशात मन लागत नाही, जगण्यात अर्थ नाही असे वाटते, तर डॉक्टरकडे जा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. 'टेलि-मानस' च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही.

फिट, साखर, रक्तदाब आणि मनाच्या आजाराच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. झोप आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर गाडी चालवावी की नाही, हे डॉक्टरला मोकळेपणाने विचारा.

पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जात असेल आणि ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. मानसिक आजारासाठीही मिळते. आपले कार्ड शोधून ठेवा. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले तर कामावरून काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते, असे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. कंत्राटावरच्या ड्रायव्हरला, सफाई कामगाराला यातले फार थोडे मिळते. युनियनच्या मागण्यांत पगारवाढीच्या खालोखाल आजारपणाची भरपगारी रजा लिहिली गेली पाहिजे.

आणि घरातले कुणी सकाळी उठून म्हणाले, "आज डोकं ठिकाणावर नाही, गाडी काढत नाही," तर त्याला आळशी म्हणू नका. एक दिवसाचा रोज बुडेल. पण त्याने खरे सांगितले आहे. त्याला बसवा, चहा द्या, आणि दवाखान्यात सोबत जा.