कसब्यापासून मंडईपर्यंत
पुण्याच्या जुन्या पेठांतील एक पदयात्रा

पुणे शहराचा विस्तार आज चहूबाजूंच्या टेकड्या ओलांडून दूरवर गेला आहे. तथापि ज्या गावठाणातून हे शहर वाढले, ते मुठा नदीच्या उजव्या तीरावरील कसबा पेठेचे गावठाण अजूनही एका फेरफटक्यात पाहून होण्याइतके आटोपशीर आहे. कसबा गणपतीपासून निघून लाल महाल, शनिवारवाडा, बुधवार पेठ, विश्रामबागवाडा आणि तुळशीबाग असे करीत महात्मा फुले मंडईपर्यंत पोहोचण्यास जेमतेम दोन किलोमीटरांची वाट चालावी लागते. रमतगमत पाहिले तरी दोन-अडीच तासांत ही फेरी पूर्ण होते. २९ सप्टेंबर २०२४ रोजी भुयारी मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा खुला झाल्यापासून या वाटेच्या दोन्ही टोकांस कसबा पेठ व मंडई ही स्थानके उपलब्ध झाली आहेत.

एवढ्याशा अंतरात सुमारे चार शतकांचा इतिहास सामावला आहे. जहागिरीचे गाव, साम्राज्याची राजधानी, शिक्षणाचे केंद्र आणि लोकनियुक्त कारभाराचे नगर ही पुण्याची चारही रूपे येथे लागोपाठ भेटतात. त्याचबरोबर जुन्या वास्तू कशाने टिकतात व कशाने लोप पावतात, या प्रश्नाचे उत्तरही ही वाट देते.

ग्रामदैवत आणि लाल महाल

इ. स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले. त्यानंतर काही वर्षांनी जिजाबाई बालशिवाजीसह येथे आल्या आणि दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखाली कसब्याची पुन्हा वसाहत झाली. ओसाड भूमीवर सोन्याचा नांगर फिरविल्याची कथा याच काळाशी निगडित आहे. कसबा गणपतीचे देवालयही जिजाबाईंनी बांधविले, अशी परंपरा आहे. हे पुण्याचे ग्रामदैवत होय. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या विसर्जन मिरवणुकीत आजही पहिला मान याच गणपतीचा असतो.

देवालयापासून हाकेच्या अंतरावर लाल महाल आहे. शिवाजी महाराजांचे बालपण ज्या लाल महालात गेले, त्याच वास्तूत पुढे मोगल सुभेदार शाहिस्तेखान तळ ठोकून बसला आणि ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराजांनी मोजक्या साथीदारांसह तेथे शिरून त्याच्यावर छापा घातला. खान जिवानिशी वाचला, परंतु त्याची बोटे तुटली. तो मूळ महाल मात्र काळाच्या ओघात नाहीसा झाला. आज दिसणारी इमारत पुणे महानगरपालिकेने १९८० च्या दशकात उभारलेली आहे. ती स्मारक म्हणून पाहावयाची आहे, सतराव्या शतकातील अवशेष म्हणून नव्हे, हे पर्यटकाने ध्यानी ठेवणे इष्ट.

दगड उरला, लाकूड गेले

लाल महालासमोरील शिवाजी रस्ता ओलांडला की शनिवारवाड्याची भव्य तटबंदी समोर येते. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १० जानेवारी १७३० रोजी या वाड्याची पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. हे दोन्ही दिवस शनिवारचे होते. उत्तरेकडील दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवर लांब अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. हत्तीच्या धडकेने दार फुटू नये, यासाठी ही योजना होती. दरवाज्यावरील नगारखान्यातून तटाच्या आतील मोकळे आवार पाहिले म्हणजे प्रथमदर्शनी निराशा होते, कारण तेथे आज केवळ जोती, हौद आणि कारंजी शिल्लक आहेत.

याचे कारण वाड्याच्या बांधणीत आहे. पेशवेकालीन वाड्याचे जोते दगडी असे, भिंती विटांच्या असत आणि सारा भार सागवानी खांब व तुळया यांच्या चौकटीवर पेललेला असे. ही रचना हवेशीर, देखणी आणि कोरीव कामास अनुकूल होती. मात्र आगीपुढे तिचा निभाव लागत नसे. फेब्रुवारी १८२८ मध्ये शनिवारवाड्यास मोठी आग लागली आणि आतील दिवाणखाने व महाल जळून गेले. दगडी तटबंदी तेवढी टिकली. जेथून अटकेपर्यंतच्या मोहिमांची सूत्रे हलली आणि जेथे ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा वध झाला, त्या वास्तूचे अंतरंग आता जोत्यांच्या रेषांवरूनच कल्पावे लागते. १९१९ मध्ये हा वाडा संरक्षित स्मारक ठरला आणि त्यानंतरच्या उत्खननाने ही जोती उजेडात आली.

आवारातील हजारी कारंजे पाहताना या वाड्यास पाणी कोठून येत असे, याची माहिती असावी. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत कात्रज येथे तलाव बांधून भूमिगत दगडी नळाने पाणी शहरात आणण्यात आले. तलाव उंचावर व शहर सखल भागात असल्यामुळे पाणी केवळ उताराने वाहत येई. वाटेत ठिकठिकाणी हवा खेळती राहावी म्हणून उच्छ्वास ठेवलेले होते. विशेष म्हणजे हे पाणी केवळ वाड्यापुरते राखलेले नव्हते. पेठापेठांतून हौद बांधून ते नागरिकांनाही उपलब्ध करून देण्यात आले होते.

शिक्षणाची वाट

शिवाजी रस्त्याने दक्षिणेस निघाले की बुधवार पेठ लागते. पेठ म्हणजे मूळची व्यापारी वसाहत. नवी पेठ वसविताना व्यापारी व कारागिरांना काही वर्षे करात सवलत दिली जाई आणि पेठेची व्यवस्था शेटे-महाजनांकडे सोपविली जाई. अशा रीतीने पेशवाईत पेठांची संख्या वाढत गेली.

दगडूशेठ हलवाई गणपती मंदिरासमोर भिडे वाड्याची जागा आहे. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. त्या वेळी जोतीराव एकवीस वर्षांचे, तर सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या. मुलींना शिकविण्यास निघालेल्या सावित्रीबाईंना समाजाचा रोष व अवहेलना सोसावी लागली. पेशव्यांच्या वाड्यापासून काही मिनिटांच्या अंतरावर, राजसत्तेचा कोणताही आधार नसताना झालेला हा आरंभ या पदयात्रेतील सर्वांत मोलाचा टप्पा म्हटला पाहिजे.

परंतु या वाड्याची मूळ वास्तू आता पाहावयास मिळत नाही. अनेक वर्षे ती मोडकळीस आलेल्या स्थितीत उभी होती आणि तिच्या जागेचा वाद न्यायालयात चालू होता. २०२३ मध्ये न्यायालयीन निर्णय झाल्यानंतर, मुलींच्या पहिल्या शाळेच्या राष्ट्रीय स्मारकासाठी त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात ती पाडण्यात आली. स्मारक हे कार्याची आठवण देऊ शकते. ज्या खोलीत मुलींनी पहिले अक्षर गिरविले, ती खोली मात्र परत येत नाही.

वापरामुळे वाचलेला वाडा

पुढे बेलबाग चौकात नाना फडणविसांचे विष्णुमंदिर आहे. तेथून लक्ष्मी रस्त्याने पश्चिमेस जाऊन बाजीराव रस्त्यावर डावीकडे वळले की विश्रामबागवाडा दिसतो. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी बांधविलेला हा वाडा १८०७ च्या सुमारास पूर्ण झाला. सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब आणि दर्शनी भागातील लाकडी सज्जा यांमुळे शनिवारवाड्याचे जळालेले वैभव कसे असेल, याची कल्पना येथे येते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. तीनच वर्षांनी, १८२१ मध्ये, या वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. डेक्कन कॉलेजची परंपरा याच पाठशाळेपासून मोजली जाते. १८७९ मध्ये आगीने वाड्याचा काही भाग भस्मसात केला, तरी त्याची डागडुजी झाली, कारण तो वापरात होता. पुढे नगरपालिकेची व काही काळ महानगरपालिकेची कचेरीही येथेच होती. पेशव्यांच्या विश्रांतीसाठी बांधलेल्या दिवाणखान्यांत प्रथम विद्यार्थी आणि नंतर लोकप्रतिनिधी बसले. वाडा टिकला तो त्याला मिळालेल्या या नव्या कामामुळे.

तुळशीबाग आणि मंडई

विश्रामबागवाड्यापासून जवळच तुळशीबागेचे राममंदिर आहे. नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी १७६१ मध्ये त्याच्या बांधकामास आरंभ केला. मंदिराभोवती देवपूजेचे साहित्य, तांब्या-पितळेची भांडी व स्त्रियांच्या नित्योपयोगी वस्तू यांची बाजारपेठ वाढली.

तुळशीबागेतून बाहेर पडताच मंडईचा अष्टकोनी मनोरा दृष्टीस पडतो. पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरील पटांगणात उघड्यावर भरत असे. त्यासाठी नगरपालिकेने बांधलेली ही इमारत १८८६ मध्ये खुली झाली आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले. मध्यभागी मनोरा आणि त्यापासून फुटलेल्या लांब पाखा अशी तिची रचना आहे. उंच छत व कमानी यांमुळे आत उजेड व वारा भरपूर येतो.

मंडईवर होणारा मोठा खर्च शिक्षणाकडे वळवावा, असे मत नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी मांडले होते. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा असून त्याचे अनावरण १९२४ मध्ये मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते झाले होते. विक्रेते व ग्राहक यांची वर्दळ या वास्तूत आजही पहाटेपासून असते.

जतनाचा धडा

या वाटेवरील वास्तूंची तुलना केली असता एक गोष्ट स्पष्ट होते. लाल महाल गेला, शनिवारवाड्याचे अंतरंग जळाले, भिडे वाडा मोडकळीस येऊन पाडावा लागला. याउलट कसबा गणपती, तुळशीबाग, विश्रामबागवाडा व मंडई यांत माणसांचा वावर अखंड राहिला आणि त्यामुळे त्यांची निगाही राखली गेली. पेठांतील उरलेल्या खासगी वाड्यांना हाच न्याय लागू आहे. वारसांतील वाटण्या, भाडेकरूंचे प्रश्न आणि लाकडी बांधकामाच्या दुरुस्तीचा खर्च यांमुळे त्यांपैकी अनेक पाडले गेले आहेत. वाचनालय, अभ्यासिका, संग्रहालय किंवा कलाकेंद्र यांसारखे एखादे काम वाड्यास मिळाले, तर दुरुस्तीस कारण मिळते आणि दुरुस्ती झाली तर वाडा टिकतो.

ही पदयात्रा सकाळी लवकर, रहदारी वाढण्यापूर्वी करावी. मुलांना सोबत न्यावे आणि प्रत्येक ठिकाणी 'ही वास्तू कोणासाठी बांधली आणि आज ती कोण वापरतो?' एवढा एकच प्रश्न त्यांना विचारावा. मंडईपर्यंत पोहोचेतो पुण्याचा इतिहास त्यांना आपोआप उमगत जाईल.