लॅपटॉपला रॅम किती घ्यावी?

मुलांसाठी लॅपटॉप घ्यायला गेलात की दुकानदार विचारतो, "रॅम किती जीबी हवी?"

रॅम म्हणजे काय? घरात फडताळ असते, ओटा असतो. सामान फडताळात राहते. स्वयंपाक ओट्यावर होतो. रॅम म्हणजे लॅपटॉपचा ओटा. ओटा लहान, की कामाचा खोळंबा.

विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी लागते. पण तेवढ्यावर काम रखडते. पत्रे, हिशेब, शाळेचा अभ्यास यांना ८ जीबी पुरते. व्हिडिओ जोडायचे असतील, तर १६ बरी.

काही लॅपटॉपांत रॅम डाख देऊन पक्की बसवलेली असते. ती मागाहून वाढत नाही. म्हणून पैसे देण्याआधी विचारा, "पुढे वाढवता येईल ना?" नाही म्हणाला, तर पुढची गरज धरून आताच घ्या.

पैसा कष्टाचा आहे. विचारायला लाजू नका.