महाडला जाताना सिकलसेलचा रुग्ण सोबत असेल तर

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसोबत चवदार तळ्याचे पाणी प्यायले म्हणून आपल्या माणसांना लाठ्याकाठ्यांनी मारले गेले. ते तळे पाहावे असे सिकलसेलच्या रुग्णालाही वाटते. पण त्याचे दुखणे कधी उठेल, सांगता येत नाही. अंगातले पाणी कमी झाले की लाल पेशी लवकर विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात, हाडे ठणकतात. मार्चचे ऊन, रात्रभराचा प्रवास. त्यात लघवीची सोय नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. तसे करू नका. तहान लागण्याआधी घोट घोट पाणी प्या. रोजच्या गोळ्या आणि तपासणीचे कागद जवळ ठेवा. ताप आला, छातीत दुखले, धाप लागली तर लगेच जवळचे रुग्णालय गाठा. यंदा जमले नाही तर पुढच्या वर्षी जा.