टर्बो गाडीतला 'ऑइल कॅच कॅन' नेमकं करतो काय? आणि तो बसवावा का?

गाड्यांचे रील बघणाऱ्यांना हा सीन नवीन नाही. बोनेट उघडलं जातं, इंजिनशेजारी बसवलेला एक छोटा ॲल्युमिनियमचा डबा खोलला जातो आणि त्यातून दुधाच्या चहासारखा दिसणारा चिकट द्रव ग्लासात ओतला जातो. खाली कॅप्शन असतं, 'हे सगळं तुमच्या इंजिनात जातंय!' आणि कमेंटमध्ये एकच प्रश्न, 'भावा, केवढ्याला?'

त्या डब्याचं नाव ऑइल कॅच कॅन. पण किंमत विचारण्याआधी हा द्रव येतो कुठून आणि डबा चुकीचा बसला तर काय होतं, हे समजून घ्यायला हवं.

इंजिनात हा द्रव तयार कसा होतो?

सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटलं की पिस्टन जोरात खाली ढकलला जातो. पिस्टनभोवती रिंगा असतात. त्या कितीही घट्ट असल्या तरी थोडा वायू फटीतून खाली क्रँककेसमध्ये निसटतोच. याला 'ब्लो-बाय' म्हणतात. जुन्या गाडीत तो फार वाढला की गॅरेजवाले 'बॅक कॉम्प्रेशन येतंय' असं सांगतात.

या वायूत न जळालेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ असते. खाली उडणाऱ्या इंजिन ऑइलचे बारीक थेंबही त्यात मिसळतात. हा वायू बाहेर काढलाच नाही, तर आतला दाब वाढून ऑइल सील गळू लागतात.

पूर्वी तो एका नळीतून थेट रस्त्यावर सोडून दिला जायचा. लॉस एंजेलिसमधल्या धुरक्याचा प्रश्न गंभीर झाल्यावर १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९६३ पासून अमेरिकाभर गाड्यांमध्ये पीसीव्ही व्हॉल्व्ह आला. तो हा वायू परत इंजिनाच्या हवेच्या वाटेत सोडतो आणि तिथे तो जळून जातो. आजही पेट्रोल गाड्यांमध्ये हीच पद्धत आहे.

टर्बो आला की काय बदलतं?

टर्बो गाडीत या वायूला दोन वाटा असतात. तुम्ही आरामात चालवत असता, तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये हवेची ओढ असते आणि वायू पीसीव्हीतून तिकडे जातो. ॲक्सिलरेटर दाबला की टर्बो मॅनिफोल्डमध्ये हवा दाबून भरतो. मग पीसीव्ही बंद होतो, नाहीतर हीच हवा उलटी क्रँककेसमध्ये शिरेल. आता वायू दुसऱ्या नळीने टर्बोच्या तोंडाशी जातो.

नेमका याच वेळी सिलिंडरमधला दाब जास्त असतो, म्हणून ब्लो-बायही जास्त. तेलाचे थेंब टर्बोतून इंटरकूलरमध्ये पोहोचतात. तिथे तेलाचा थर साचला की हवा नीट थंड होत नाही. तेल सिलिंडरमध्ये गेलं की मिश्रणाचा ऑक्टेन कमी होतो आणि नॉकिंगची शक्यता वाढते.

तिसरा त्रास डायरेक्ट इंजेक्शन गाड्यांचा. फोक्सवॅगन-स्कोडाची टीएसआय, महिंद्राची टीजीडीआय ही अशी इंजिनं. यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. जुन्या पद्धतीत ते इनटेक व्हॉल्व्हवर पडायचं आणि व्हॉल्व्ह आपोआप धुतले जायचे. इथे ती धुलाईच होत नाही, त्यामुळे तेलकट वाफ व्हॉल्व्हवर कार्बन बनून बसते. तो काढायला काही ठिकाणी अक्रोडाच्या टरफलांचा भुसा हवेच्या दाबाने मारतात.

मग डबा काय करतो?

कॅच कॅन क्रँककेस आणि इनटेक यांच्यामधल्या नळीत बसतो. आत जाळी आणि आडव्या पट्ट्या असतात. वायू त्यांना आपटतो, थंड होतो, थेंब तळाशी साचतात आणि तुलनेने स्वच्छ वायू पुढे जातो. बस्स, एवढंच. यामुळे गाडीची पॉवर वाढत नाही आणि आधी बसलेला कार्बनही निघत नाही.

रीलमधला तो चहा म्हणजे सगळं ऑइल नसतं, हेही लक्षात घ्या. त्यात पाणी आणि पेट्रोल बरंच असतं. थंडीत, जवळच्या फेऱ्यांमध्ये इंजिन नीट तापत नाही, तेव्हा ते आणखी जास्त दिसतं.

बसवताना चुकतं कुठे?

पहिली चूक म्हणजे एकच वाट पकडणं. फक्त पीसीव्हीच्या नळीत डबा बसवला, तर टर्बो जोरात असताना जाणारं तेल सुटतं. दोन्ही वाटांसाठी वेगळी सोय लागते. पीसीव्हीतला एकतर्फी व्हॉल्व्ह तर अजिबात काढायचा नाही.

दुसरी चूक स्वस्त नळीची. साधी रबरी नळी तेलाने फुगते, गरम होऊन चपटी होते आणि वाट बंद पडते. नळी तेल सहन करणारी आणि मूळ मापाचीच हवी. डबा टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब, घट्ट बसवायला हवा. क्लिप सैल राहिली तर बाहेरची हवा आत खेचली जाते, आयडलिंग बिघडतं आणि 'चेक इंजिन'चा दिवा लागतो.

तिसरी चूक, वायू परत इंजिनात न नेता बाहेर सोडणं. क्रँककेसचा वायू हवेत सोडायला बीएस-६ च्या नियमांत मनाई आहे.

आणि चौथी, बसवून विसरून जाणं. डबा काठोकाठ भरला तर साचलेला द्रव एकदम इंजिनात ओढला जाऊ शकतो. म्हणून सुरुवातीला हजार किलोमीटरनंतर उघडून बघायचं आणि किती साचतंय त्यावरून पुढचं अंतर ठरवायचं.

मग बसवावा का?

गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. बाहेरून केलेल्या बदलामुळे बिघाड झाला, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. बहुतेक इंजिनांमध्ये कंपनीने तेल वेगळं करणारा भाग आधीच दिलेला असतो आणि रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला तो साधारणपणे पुरतो. डायरेक्ट इंजेक्शन टर्बो गाडी असेल, ती ट्यून केलेली असेल किंवा सतत जोरात पळवली जात असेल, तर नीट बसवलेल्या कॅच कॅनचा उपयोग होतो.

खर्च करण्याआधी एक गोष्ट करून घ्या. पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकला इंटरकूलरचा पाइप काढून दाखवायला सांगा. आत तेलाचा पातळ थर दिसला तर घाबरू नका, तो असतोच. तेल साचलेलं दिसलं किंवा डिपस्टिकवर ऑइल वारंवार कमी होत असेल, तर रिंगा, पीसीव्ही किंवा टर्बोचं सील तपासायला हवं. अशा गाडीला कॅच कॅन लावला तर तेल डब्यात जमा होत राहील आणि खरा बिघाड मात्र तसाच वाढत जाईल.