स्पीकर कशावर ठेवावा?

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा खोक्याला तेवढाच जोर उलट दिशेने बसतो. जड खोके डोळ्यांना दिसेल इतके हलत नाही. पण थरथरते, आणि ती थरथर खाली उतरते. स्पीकर शोकेसवर असेल तर शोकेसची पातळ फळी आणि काच तबल्याच्या डग्ग्याबरोबर स्वतःच घुमू लागतात. डग्ग्याचा घुमारा गढूळ होतो, दोष मात्र अँप्लिफायरला दिला जातो. रेकॉर्ड प्लेअर त्याच फळीवर असेल तर आणखी वाईट: थरथर सुईत शिरते, तिथून पुन्हा स्पीकरकडे जाते आणि घुमणे वाढतच राहते. प्लेअरला वेगळे, भक्कम टेबल हवेच. स्पीकरखाली जड स्टँड, निदान रबराचे तुकडे द्यावेत. महागड्या केबलआधी हाच खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे. भिंतींमुळे होणारी घूम मात्र रबराने जात नाही. ५० हर्ट्‌झच्या ध्वनिलहरीची लांबीच सुमारे ७ मीटर, म्हणजे खोलीच्या मापांच्या तोडीची. ही घूम कमी करण्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढून पाहावा.